पुस्तक छापले, वाचकापर्यंत पोहोचले काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा मंडळींनाही मनस्वी आनंद झाला. तो यथोचितच होता. परंतु या अभिजात भाषेतील नवे पुस्तक बडोद्याच्या, इंदूरच्या वा बेळगावच्या वाचकाला सापडते कसे, आणि सापडल्यावर ते त्याला वाचता येते काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या भरात कोणी विचारला नाही. तो आज विचारावयाचा आहे. मराठी प्रकाशनव्यवसायाने संगणक घरात आणून तीन दशके उलटली; पण बहुतेकांनी त्याच्याकडून खिळे जुळविणाऱ्याचेच काम करून घेतले. कागदावर अक्षर उमटले की काम संपले, ही वृत्ती बदलली नाही. या वृत्तीने वाचकांचा एक मोठा वर्ग पुस्तकाच्या दाराबाहेर उभा ठेवला आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहू. मराठी अक्षरजुळणीत जे जुने फॉन्ट रूढ झाले, त्यांत देवनागरी अक्षर हे रोमन अक्षरावर चढविलेले सोंग असते. मध्य प्रदेशातील कार्यालयांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'कृतिदेव' घ्या. त्यात 'राम' लिहावयाचे तर 'जे', 'के' आणि 'ई' या कळा दाबाव्या लागतात. डोळ्यांना पडद्यावर 'राम' दिसतो; संगणकाच्या पोटात मात्र 'जे-के-ई' एवढेच साठलेले असते. फॉन्ट बदलला की रामाचा रामही उरत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सोंगे निराळी. यावर उपाय म्हणून युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली १९९१ साली आली. तीत 'र' हा 'र' म्हणूनच साठविला जातो, मग फॉन्ट कोणताही असो. म्हणजे उपाय निघून तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी अनेक मुद्रणपूर्व कार्यालयांत आजही जुन्याच फॉन्टांत पुस्तके जुळविली जातात. कारण हात तेथे बसला आहे.

डोळस वाचकाला यात काही बिघडलेले दिसत नाही. ज्याला दिसत नाही, त्याचे मात्र सर्वच बिघडते. दृष्टिहीन वाचक आज संगणकावर वा भ्रमणध्वनीवर पडदावाचक प्रणाली वापरतो. एन.व्ही.डी.ए. ही तशी प्रणाली विनामूल्य मिळते आणि मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. युनिकोडमधील कादंबरी ती वाचते. जुन्या फॉन्टमधील कादंबरी तिच्यापुढे ठेवली, तर ती 'जे-के-ई' असे बरळते. आणि ई-पुस्तक म्हणून पानांची छायाचित्रेच विकली, तर ती मूक होते. एवढ्या एका तांत्रिक आळसापायी मराठी लेखक दृष्टिहीनाला दुरावतो.

येथे कायद्याची अडचण आहे, असे कोणी सांगू नये. २०१२ सालच्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मुभा आली. याच विषयावर २०१३ साली मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला २०१४ साली अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही उभे राहिले. मग घडते काय? प्रकाशकाने एकदा संगणकावर जुळवून, मुद्रिते तपासून छापलेले पुस्तक कोणी सेवाभावी कार्यकर्ता विकत घेतो, त्याची पाने एकेक करून स्कॅन करतो, यंत्राकडून अक्षरे ओळखवून घेतो आणि यंत्राने मोडलेली जोडाक्षरे पुन्हा हाताने नीट करतो. जे काम मुळात झालेले आहे, ते केवळ मूळ फाइल मिळत नाही म्हणून नव्याने करावयाचे! दळून आणलेल्या पिठाचे पुन्हा गहू करून परत दळण्याचा हा उद्योग आहे.

आमच्या वाचकमंडळाने एका दृष्टिहीन सभासदासाठी एका प्रकाशनसंस्थेकडे कादंबरीची संगणकीय प्रत मागितली. योग्य मूल्य देण्याची तयारीही कळविली. उत्तर आले, 'फाइल बाहेर देण्याची आमची पद्धत नाही.' आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे 'पद्धत नाही' या शब्दांचा अर्थ आम्हांस चांगला ठाऊक आहे. त्यांचा अर्थ 'इच्छा नाही' असा असतो.

हा प्रश्न केवळ दृष्टिहीनांचा आहे असे समजून ज्यांनी पान उलटण्याची तयारी केली असेल, त्यांनी क्षणभर थांबावे. आपल्यापैकी किती जणांना आता बारीक टाइप वाचवतो? खऱ्या अर्थाने संगणकीय असलेल्या पुस्तकात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. छायाचित्रांच्या पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते. दुसरी गोष्ट नातवंडांची. आमच्या बडोद्यात असंख्य घरांतील मुले घरी अस्खलित मराठी बोलतात. शाळा मात्र गुजराती वा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मराठी पुस्तक हाती घेतले की अडखळतात. त्यांना कान आहेत. यंत्राने वाचलेले मराठी ती ऐकू शकतील. याहून मौजेची गोष्ट अशी की, युनिकोडमध्ये देवनागरी आणि गुजराती अक्षरांच्या जागा एकाच क्रमाने लावलेल्या आहेत. त्यामुळे मराठी मजकूर गुजराती लिपीत उतरविणे हे लहानशा आज्ञावलीचे काम आहे. कन्नड आणि तेलुगूचा क्रमही याच धर्तीचा, म्हणजे बेळगाव व हैदराबादच्या घरांनाही ही वाट मोकळी आहे. आजोबांची आवडती कादंबरी नातीला तिच्या ओळखीच्या लिपीत वाचता यावी आणि तेथून तिने हळूहळू देवनागरीकडे यावे, याहून अधिक काय हवे? पण त्यासाठी पुस्तकाच्या पोटात खरे अक्षर हवे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरा दोष माहितीचा. पुस्तक सुलभ असले तरी ते आहे, हे कळावयास हवे. शं. ग. दाते यांनी आपल्या ग्रंथसूचीत १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची नोंद केली, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता. आज संगणक आहे. नोंद मात्र अशी की पुस्तकावर 'प्रथमावृत्ती' असते आणि साल नसते. 'क्षीरसागर' हे आडनाव रोमन लिपीत कोठे एका 'आय'ने, तर कोठे दोन 'ई'ंनी लिहिलेले असते. अनुवादकाचे नाव विक्रेत्याच्या यादीतून गळालेले असते. आणि पुस्तकाचा विषय तर कोणी कळवीतच नाही. आय.एस.बी.एन. आपल्या देशात विनामूल्य मिळतो, तरी तो न घेता पुस्तके निघतात. पुण्यातील वाचक दुकानात जाऊन पुस्तक चाळू शकतो. आमच्यासारख्या दूरस्थांना यादीचाच आधार. ती आंधळी असेल तर डोळे असूनही आम्ही आंधळेच.

आमच्या नगरीला हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. वर्गीकरण, सूची आणि खेडोपाडी जाणाऱ्या ग्रंथपेट्या यांची व्यवस्था लागली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा, हा हेतू. पुस्तक असणे पुरेसे नाही, ते पोहोचले पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाला कळले होते.

प्रकाशकांचे आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला चोरीचा. पण चोराला युनिकोड लागत नाही. तो छापील पानांची छायाचित्रे काढून व्हॉट्सॲपवर फिरवितो. खऱ्या अक्षरावाचून अडते ते प्रामाणिक वाचकाचे. दुसरा आक्षेप खर्चाचा. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' आणि मुंबईच्या आय.आय.टी.चा 'शोभिका' हे युनिकोड फॉन्ट विनामूल्य आहेत. जुन्या शेकडो पुस्तकांचे रूपांतर कष्टाचे आहे, हे आम्ही मान्य करतो. त्यासाठी वेळ द्यावा. पण उद्या जुळणीला जाणाऱ्या पुस्तकाला कोणती सबब? तिसरा आक्षेप, 'मागणी कोठे आहे?' दार बंद ठेवून पाहुणे येत नाहीत म्हणणाऱ्यास काय उत्तर द्यावे! युरोपीय संघाने २८ जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या ई-पुस्तकांना सुलभतेचे बंधन घातले आहे. तेथील मराठी वाचकाला पुस्तक विकावयाचे, तरी हीच वाट धरावी लागेल.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक नव्या पुस्तकाची जुळणी युनिकोडमध्ये व्हावी. लेखकांनी करारातच तशी अट घालावी आणि सुलभ प्रतीसाठी फाइल देण्यास संमती लिहून द्यावी. शासकीय अनुदान वा खरेदी मिळणाऱ्या पुस्तकांना ही अट सक्तीची करावी. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयाला छापील प्रत द्यावी लागते. तिच्यासोबत संगणकीय प्रतही घेतली जावी. आणि आपल्यासारख्या संस्थांनी आरंभ स्वतःपासून करावा. आपापल्या स्मरणिका, त्रैमासिके आणि ग्रंथालयांच्या सूची युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि पुस्तके मागविताना प्रत्येक प्रकाशकाला लेखी विचारावे की, याची सुलभ प्रत आहे काय? एका पत्राने काही होणार नाही. दहा गावांतून दर महिन्याला तेच पत्र जाऊ लागले, म्हणजे 'पद्धत' बदलते, असा आमचा नोकरीतील अनुभव आहे.