हेडसेटची डुलकी
जळगावचा मे महिना, लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. पुण्याच्या बॉसचा कॉल चालू, आपली बोलायची पाळी येते आणि यूएसबी हेडसेट मुका! काढून परत लावला की चालू. लगेच नवा घ्यायला धावू नका, बॉस. तो बिघडलेला नसेलही, झोपलेला असेल. आणि झोपवलं असेल विंडोजनं.

हे लॅपटॉपच्या आतलं लोडशेडिंग. फरक एवढाच, की इथे जो रिकामा बसलाय त्याचीच वीज काढतात. (२००५नंतरच्या भारनियमनात एवढा विचार कोण करत होतं? दीपनगरचं वीजकेंद्र भुसावळला, तरी अंधार आपल्याच घरात!) १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं 'एसीपीआय' नावाचे नियम आणले. त्यात 'डी-झीरो' म्हणजे उपकरण टक्क जागं, 'डी-थ्री' म्हणजे गाढ झोप. हाक आली की उठायचं. घोळ इथेच होतो, ड्रायव्हर कच्चा असला की हेडसेट उठतच नाही.

उपाय सोपा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीज उघडा, 'पॉवर मॅनेजमेंट'मधली टिक काढा. बॅटरी जरा लवकर उतरेल. म्हणून कॉल संपला, की टिक परत लावा; लाइट कधी येईल, काय सांगावं!