पाण्याला गुण किती?

इटालियन दिग्दर्शक, स्पेनमधलं वाळवंट आणि अमेरिकेतले गुंड या भेळेला स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात. जव्हारच्या मुक्कामात महिनाभर रोज एक पाहिला आणि बँकेतल्या सवयीने वहीत दहापैकी गुण मांडले. आमचे रसिक मित्र म्हणतात, गुण पिस्तुलाला द्यायचे असतात. साफ चूक! कोर्बुचीच्या 'जँगो'चा (१९६६) नायक चिखलातून शवपेटी ओढत येतो. चिखलाचं आम्हाला काय कौतुक? जव्हारला पावसाळ्यात तो फुकट मिळतो. सहा गुण. लिओनेच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'ची (१९६४) गोष्ट कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून उचललेली, म्हणजे दुसऱ्याचं तारण दाखवून कर्ज काढल्यासारखं. पाच. पण त्याच लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ला (१९६८) दहा, आणि कुणी कितीही भांडलं तरी दहाच! त्यात मुडदे पडतात ते पाणी असलेल्या एका जमिनीपायी, कारण आगगाडीच्या इंजिनाला पाणी लागणार. याला म्हणे 'संथ' म्हणायचं! पावसाळ्यात धो-धो कोसळणाऱ्या मोखाड्यात मे महिन्यात हंडे मांडून टँकरची वाट बघणाऱ्या बायांना विचारा की, संथ म्हणजे काय. सिनेमात निदान इंजिनाची तहान कुणीतरी आधी हिशेबात धरली होती.