कोरी पाठ असलेले कार्ड

बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षकाच्या पुढे राहून प्रतिस्पर्ध्याची चढाई मोडून काढणाऱ्या खेळाडूला ‘डिफेन्समन’ म्हणतात आणि त्याचे बरेचसे काम अंगाने धडक देऊन चकती धारकाकडून सोडवण्याचे, म्हणजेच ‘बॉडी चेक’चे असल्यामुळे, ते गोलांच्या हिशेबात फारसे दिसत नाही. टोरोंटो मेपल लीफ्सचा बिल बारिल्को हा या वर्गातला खेळाडू होता. तरीही टोरोंटोच्या पार्कहर्स्ट कंपनीने 1951-52च्या हंगामासाठी काढलेल्या, खेळाडूंच्या 105 संग्राह्य कार्डांच्या संचात त्याच्या वाट्याला आलेले स्थान एका गोलामुळे आहे. पावणेदोन इंच रुंद आणि अडीच इंच उंच अशी ही कार्डे भडक रंगांत छापलेली असून त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत, त्यामुळे पुढच्या बाजूवर मावले नाही ते सांगायला जागाच उरत नाही.

तो गोल 21 एप्रिल 1951 रोजी मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. स्टॅनले कपसाठी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सविरुद्ध झालेल्या अंतिम मालिकेतील पाचही सामने जादा वेळेत गेले होते आणि या जादा वेळेत पहिला गोल करणारा संघ तत्काळ जिंकतो. पाचव्या सामन्यात नियमित वेळेची 32 सेकंदे उरली असताना टोरोंटोच्या टॉड स्लोनने बरोबरी साधली. पुढे जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटात बारिल्को आपली जागा सोडून पुढे झेपावला आणि बर्फावरून जवळजवळ उडतच त्याने कॅनेडियन्सचा गोलरक्षक जेरी मॅकनील याला चकवून चकती जाळ्यात धाडली. बचावपटूने जागा सोडणे हा एरवी प्रशिक्षकाच्या रोषाचा विषय, परंतु स्टॅनले कप जिंकून देणाऱ्या चुकीला सहसा कोणी चूक म्हणत नाही.

ऑन्टारिओतील टिमिन्स या खाणगावात 1927 मध्ये जन्मलेला हा खेळाडू 1947च्या फेब्रुवारीत हॉलिवूड वूल्व्ज या दुय्यम स्तरावरील संघातून टोरोंटोत आला आणि पाच हंगामांत चार वेळा स्टॅनले कप जिंकणाऱ्या संघाचा भाग बनला. मात्र कार्ड बाजारात येण्यापूर्वीच, 26 ऑगस्ट 1951 रोजी, मासेमारीहून परतताना त्याचे आणि दंतवैद्य हेन्री हडसन यांचे छोटे विमान बेपत्ता झाले. अवशेष 6 जून 1962 रोजी उत्तर ऑन्टारिओच्या जंगलात सापडले. दरम्यान संघाला दहा वर्षे कप मिळाला नाही, आणि यावरून, बारिल्को सापडेपर्यंत कप मिळणार नाही, अशा शापाची दंतकथा रचली गेली. पण तिच्या आड तारखा येतात, कारण संघाने 1962चा कप अवशेष सापडण्याच्या काही आठवडे आधीच, एप्रिलमध्ये, जिंकला होता.

1991-92 मध्ये निघालेल्या दुसऱ्या एका कार्डाच्या पाठीवर ही सर्व कहाणी छापली गेली आणि त्यावरून ‘द ट्रॅजिकली हिप’ या कॅनेडियन बँडने 1992 मध्ये गाणे केले. त्याच वर्षी संघाने बारिल्कोचा 5 हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. मूळ कार्ड गोलाचे स्मारक म्हणून मौल्यवान असले, तरी खेळाडूची ओळख म्हणून ते अपुरे आहे. 252 नियमित सामन्यांत अवघे 26 गोल करणाऱ्या बारिल्कोने 1947-48 मध्ये नियमभंगासाठी 147 मिनिटे मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा भोगून अशा मिनिटांत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला होता, आणि त्याचा खरा खेळ त्या मिनिटांत आहे.