'कट्ट' आवाज आला म्हणजे गुडघा बरा झाला का?

राजूरकरांनो, स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ द्या.

पहाटे रस्त्यावर बघा. पोलीस भरतीची पोरं 1600 मीटर मारतात, पोरी 800. खाली डांबर, पायात घासलेले बूट. नडगी ठणकली, गुडघा सुजला की मोबाईलवर रील बघायची अन् कुणाकडून तरी मान-कंबर मोडून घ्यायची. त्याला आता कायरोप्रॅक्टिक असं भारी नाव मिळालंय.

ही पद्धत 1895 साली अमेरिकेत निघाली. तिथं ती करायला काही वर्षांचं शिक्षण अन् परवाना लागतो. आपल्याकडे तिची कायदेशीर परिषदच नाही. मग हात फिरवणारा शिकलेला की रील बघून तयार झालेला, कळणार कसं? कंबरदुखीत काहींना आराम पडतो, नाकारत नाही. पण फाटलेला लिगामेंट झटक्यानं जुळत नाही. उलट मानेला झटका देताना रक्तवाहिनी फाटून लकवा मारल्याच्या नोंदी आहेत.

फिजिओथेरपी मात्र 2021 च्या केंद्रीय कायद्यात आहे. मग आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट आपल्या सरकारी दवाखान्यात का बसू नये? पळायला मातीचा ट्रॅक का नको? चतुर्थीला राजुरेश्वराच्या पाया पडायला येणाऱ्या पुढाऱ्यांना हे विचारा.

अन् पोरांनो, पळण्याआधी अंग गरम करा, दुखलं तर थांबा. भरती परत निघेल, गुडघा परत मिळत नसतो.