खडकांची कालगणना

पृथ्वीच्या इतिहासांतील कालाचे आंकडे विद्यार्थी मुखोद्गत करितात. पण ते कशावरून ठरले, असें विचारणारा विरळा. आमच्या मतें हा प्रश्नच अभ्यासाचा प्राण होय.

पृथ्वीच्या आंसाचा कल सुमारें ४१,००० वर्षांच्या फेऱ्यानें कमीअधिक होतो. तिच्या कक्षेचा आकारही सुमारें १,००,००० वर्षांच्या फेऱ्यांनीं पालटतो. त्यांबरोबर हवामान बदलतें, आणि समुद्रतळीं सांचणाऱ्या गाळांत त्याच्या खुणा राहतात. हे फेरे मोजले म्हणजे थराचें वय कळतें.

पृथ्वीचें चुंबकत्व शेवटचें उलटलें, त्यास सुमारें ७,३०,००० वर्षें झालीं, असें लाव्ह्याच्या खडकांवरून बहुमान्य झालें होतें. सन १९९० मध्यें निकोलस शॅकलटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गाळांतील फेरे मोजून तो काळ सुमारें ७,८०,००० वर्षें ठरविला. पुढें लाव्ह्याची अधिक सूक्ष्म परीक्षा होतांच, गाळाची साक्षच सत्याच्या अधिक जवळ असल्याचें दिसून आलें.

छापील आंकड्यास मान द्यावा. परंतु एकाच साक्षीवर निवाडा करूं नये. विद्यार्थ्यांनो, पाठ करण्यापूर्वीं ‘हें कशावरून?’ असें अवश्य विचारा. आणि पालकांनीं त्या प्रश्नास उद्धटपणा समजूं नये, एवढीच आमची विनंती.