बोटं गेली, मग नोकरीही का?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर कामगाराची बोटं तुटली तर त्याची बातमीही होत नाही. ईएसआय अपंगत्वाचे टक्के मोजून पैसे देते. पुन्हा काम मिळणं मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. महापालिकेच्या कर्मचाऱ्याला हे संरक्षण आहे, खासगी कारखान्यातल्या प्रेसवाल्याला नाही. आमचा आक्षेप इथे आहे.

२०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला. ‘हरिजन’ नाकारणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना गोड नावातली गोम वेगळी सांगायला नको. प्रेसखाली गेलेल्या बोटांत कसलं दिव्य?

पण आपल्या विहारात तरी काय होतं? असा कामगार आला की आपण त्याला पुढची खुर्ची देतो, जबाबदारी देत नाही. हिशेबाची वही, अभ्यासिका, जयंती समितीचं सचिवपद दोन बोटं कमी असली तरी सांभाळता येतं. १४ एप्रिलसाठी समिती बसेल तेव्हा त्याचं नाव सुचवा. आणि युनियनच्या मागणीपत्रात एक ओळ घाला : अपघातानंतर त्याच पगारावर झेपेल ते दुसरं काम, ठेकेदाराच्या कामगारालाही.