आमचा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून औशाला आला की पहिले दोन दिवस माणसांत असतो. तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप उघडतो आणि मग त्याला जेवायला उठवायचे म्हणजे वेढाच घालावा लागतो. यंदा मात्र तिसऱ्या दिवशी त्यानेच मला हाक मारली.

"आबा, आपण कोण? हिंदुस्तानी की द्रविडियन?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. असल्या प्रश्नाला मास्तराच्या तोंडून जे उत्तर आपोआप पडते तेच पडले. "आपण भारतीय!"

"ते २०२२ मध्येच काढून टाकलं," तो म्हणाला.

एवढी मोठी घटना घडली आणि आमच्या वर्तमानपत्राने चार ओळीसुद्धा दिल्या नाहीत!

प्रकरण असे. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाच्या खेळाचा हा दुसरा भाग. आधी एक संस्कृती निवडायची, गावकरी कामाला लावायचे, लाकूड तोडायचे, शेत कसायचे, आपला किल्ला बांधायचा आणि शेजाऱ्याचा पाडायचा. (एवढे शिकायला संगणक कशाला लागतो, असे बांधाच्या भांडणात उमर घालवलेल्या आमच्या तालुक्याला वाटेल.) १९९९ साली खेळ निघाला तेव्हा त्यात चिनी होते, जपानी होते, मंगोल होते; आपला पत्ता नव्हता. २०१३ साली 'इंडियन्स' आले, म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एका रकान्यात. २०२२ साली कुणाला तरी उपरती झाली आणि एकाचे चार झाले: हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविडियन. भावाभावांत वाटणी झाली, आणि आमचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही!

म्हटले, रागावण्याआधी करून तर बघू. नातवाने मला द्रविडियन केले. मिळाले काय? जहाजे, केरळची चाबकासारखी वळणारी तलवार, आणि कोळ्यांना एका खेपेत जास्त मासे आणायची सवलत. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या माणसाला जास्तीचे मासे! वर प्रत्येक नव्या युगात शिरताना लाकूड फुकट. आमच्याकडे सरपणाला काटक्या मिळण्याची मारामार. आणि घोडदळ म्हणाल तर इतके लंगडे की त्यापेक्षा आमच्या आठवडी बाजारातली तट्टे बरी.

मग हिंदुस्तानी झालो. इथे उंटांची फौज. उंट मी औशात पाहिला तो पोरांना दहा रुपयांत फेरी मारणारा, आणि तोही कंटाळलेला होता. हिंदुस्तान्यांचे गावकरी मात्र स्वस्तात मिळतात. एवढी एक गोष्ट आमच्या भागाला बरोबर लागू पडली.

आता हसण्यावारी नेले, पण पोराचा पुढचा प्रश्न खिडकीबाहेर बोट करून आला. "मग आपला किल्ला कुणी बांधला? यांच्यातल्या कुणी?"

औशाचा भुईकोट बहमनी काळातला. मग तो निजामशाहीने भोगला, आदिलशाहीने भोगला. १६३६ साली मोगलांनी घेतला, आणि पुढे निजामाकडे राहिला तो १९४८ पर्यंत. शेजारी उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. या दरबारांत इराणातून आलेला महमूद गवान वजीर होतो, हबशी मलिक अंबर निजामशाही चालवतो, आणि घोड्यावर मराठा असतो. हे सगळे दिल्लीविरुद्ध भांडण्यात पटाईत, आणि १५६५ मध्ये विजयनगरावर चालून गेले तेही यांच्यातलेच सुलतान. ना उत्तर, ना दक्षिण. याला सरळ शब्द आहे, दख्खन. तो या चार नावांत नाही.

शेजारचे चाचा (वयाने माझ्याहून लहान, पण सारा मोहल्ला चाचा म्हणतो म्हणून मीही म्हणतो) पेपर मागायला आले होते. सगळे ऐकून म्हणाले, "मास्टर, अपने कू कोन पूछता? दिल्लीवाले बोलते तुम दक्खनी, मद्रासवाले बोलते तुम उत्तरवाले." हे जे ते बोलले, ती भाषासुद्धा दख्खनीच. आमच्या घरात अण्णा आणि अक्का कानडी मुलखाचे, तहसिलीत गेलो की अर्ज, तारीख आणि वकील फारशीतून आलेले, आणि ताटात उत्तरेचा गहू नाही की दक्षिणेचा भात नाही, ज्वारीची भाकर. ती कोणत्या रकान्यात मोडायची?

मला वाटले, आपल्यावरच हा अन्याय. पण मास्तरकी अंगातून जात नाही; चिन्यांचे काय केले तेही पाहिले. १९९९ साली त्यांनाही एकाच पोत्यात भरले होते. वास्तविक तिथे ह्वाय नदीच्या वर गहू आणि खाली भात. उत्तरेला घोडा, दक्षिणेला होडी, हे त्यांचे स्वतःचेच म्हणणे. पेकिंगच्या माणसाची बोली कँटनच्या माणसाला कळत नाही. ११२७ पासून शंभरावर वर्षे उत्तरेत जुर्चेन आणि मग मंगोल, दक्षिणेत सुंग, अशी सरळ फाळणी होती. आणि बंदुकीची दारू ज्यांनी शोधली त्या चिन्यांना या खेळात ना बंदूकवाला शिपाई, ना तोफेचा गाडा! २०२५ साली दुरुस्ती निघाली. जुर्चेन आणि खितान आले, ठीक. पण दक्षिणेच्या वाट्याला आले वू नावाचे राज्य. ते २२२ मध्ये उभे राहिले आणि २८० मध्ये आटोपले. ५८ वर्षांच्या वूला रकाना मिळतो, आणि १३४७ पासून दीडशे वर्षांहून अधिक टिकलेल्या बहमनींना मिळत नाही? तीन राज्यांची ती गोष्ट कादंबरीमुळे जगभर खपते, हे त्याचे खरे कारण. आमची कादंबरी कुणी खपवली नाही, हा आमचा गुन्हा.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, खेळ आहे तो. कबूल. 'सिव्हिलायझेशन' नावाच्या दुसऱ्या खेळात १९९१ पासून वर्षानुवर्षे भारताचे नेते गांधीजी, आणि सहाव्या भागात त्यांच्या हुकमाखाली लढाईचे हत्ती. तिथे मी हसून सोडून दिले. पण पोरगा माझी पाठ्यपुस्तके वाचत नाही, हे वाचतो. अलाउद्दीन देवगिरीला कधी आला हे त्याला मी तीनदा सांगितले, तीनदा विसरला. खेळातल्या तलवारीची किंमत मात्र तोंडपाठ. तेव्हा त्याचा इतिहास जिथे तयार होतो तिथे भांडायला नको?

दुसरी सबब अशी की रकाने करायचे तरी किती. मी गल्लीगल्लीला एक मागत नाही. 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागात १४४४ सालच्या नकाशावर बहमनी ठळक दाखवलेत, म्हणजे करायचे म्हटले तर होते. 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठेही आहेत, पण १७०० सालचे, म्हणजे आम्ही जन्मलो ते थेट मिशा फुटूनच! एकाचे दोन केले, चार केले, की प्रश्न सुटला असे या मंडळींना वाटते. पण रेघ मारली की तिच्यावर राहणाऱ्यांचे काय, हे रेघ मारणाऱ्याने विचारायला हवे.

एवढे तावातावाने बोलून मी संध्याकाळी बसस्टँडकडे निघालो. नातू सोबत. गाड्यावर लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेले. अख्खा चीन, ह्वाय नदीच्या वरचा आणि खालचा, एका कढईत. त्यातले मांचुरियन तर मुंबईत जन्मलेले.

"आबा, हे उत्तरेचं की दक्षिणेचं?" कार्ट्याने विचारले.

मी दोन प्लेट सांगितल्या. नोकरीत असताना बदलून आलेल्या एका मल्याळी सहकाऱ्याला मी अकरा वर्षे 'मद्राशी' म्हणत होतो, हे तेवढ्यात आठवले. त्याने कधी दुरुस्त केले नाही. मीही कधी विचारले नाही.

घरी आल्यावर नातवाने शोधून काढले की या खेळात आपला नकाशा आपणच मांडता येतो. रात्री अकरापर्यंत त्याने औशाचा किल्ला उभा केला. बुरूज मी सांगत होतो. चाचा कुंपणापलीकडून, "हमारा घर किधर है, वो बी डालो," म्हणत होते. तटावर माणसे उभी करायची वेळ आली तेव्हा त्याने थोडे हिंदुस्तानी घेतले, थोडे द्रविडियन, आणि घोडे मंगोलांचे.

"खंदकात पाणी किती टाकू, आबा?"

"पाण्याचं आपल्याकडं विचारू नये," मी म्हणालो.

त्याने काठोकाठ भरले, आणि वर चार मासे सोडले.